सेट आणला, पण उघडला नाही: एका भूल-प्रकरणावर बेतलेलं नर्सिंगचं सिम्युलेशन

29 मार्च 2005 रोजी इंग्लंडमधल्या एका खासगी रुग्णालयात एलेन ब्रोमिली नाकाच्या आणि सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. वय 37, दोन लहान मुलांची आई, एरवी तब्येत चांगली. ऑपरेशन नेहमीचं होतं. भूलतज्ज्ञ अनुभवी, ओटी सुसज्ज, कान-नाक-घसा सर्जनच्या गाठीला तीसेक वर्षांचा अनुभव. सकाळी साडेआठच्या सुमारास भूल दिली, पण श्वासमार्गात बसवायचा लॅरिंजियल मास्क बसेना. आकार बदलून पाहिला, तरी नाही. दोनेक मिनिटांत चेहरा निळसर दिसू लागला. चार मिनिटांच्या आसपास रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण 40 टक्क्यांवर आलं. चेहऱ्यावरच्या मास्कने हवा आत ढकलणंही जमेना.

दुसरा भूलतज्ज्ञ मदतीला आला, सर्जनही आले. तिघे मिळून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. दहा मिनिटं झाली तेव्हा परिस्थिती अगदी पुस्तकातली होती: नळी जात नाही आणि मास्कनेही हवा जात नाही. अशा वेळी काय करायचं, हे ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने, म्हणजे अवघड श्वासमार्गावर काम करणाऱ्या संस्थेने, 2004 मध्येच लिहून ठेवलं होतं. तोंडातून वाट मिळत नसेल तर गळ्यातून करायची. ते झालं नाही. नळीचे प्रयत्न चालूच राहिले. जवळपास वीस मिनिटं ऑक्सिजन 40 च्या खालीवर घुटमळत राहिला. पस्तीस मिनिटांनी तो 90 पर्यंत आला, तेव्हा ऑपरेशन सोडून त्यांना शुद्धीवर येऊ द्यावं असं ठरलं. त्या शुद्धीवर आल्या नाहीत. तेरा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर हे प्रकरण मांडायचं, ते त्या खोलीतल्या दोन नर्समुळे.

एका नर्सने परिस्थिती ओळखून ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेत वाट करायच्या अवजारांचा, सेट मागवला आणि सेट आल्याचं डॉक्टरांना सांगितलं. कोणी काही बोललं नाही. दुसरी नर्स खोलीत आली, पेशंटचा रंग आणि मॉनिटर पाहून तशीच बाहेर गेली आणि तिने आयसीयूला फोन करून खाट राखून ठेवली. परत येऊन खाट मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा तिच्याकडे ‘एवढं काय झालंय?’ अशा नजरेने पाहिलं गेलं. ती पुन्हा फोनपाशी गेली आणि तिने खाट रद्द केली. पुढे चौकशीत समोर आलं, की काय करायला हवं हे नर्सना कळत होतं, पण विषय काढायचा कसा हे कळत नव्हतं.

एलेन यांचे पती मार्टिन ब्रोमिली विमानाचे पायलट. विमान अपघातानंतर चौकशी होते हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं, मग इथेही ती होणारच असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तक्रार किंवा दावा केल्याशिवाय तशी पद्धत नाही, असं त्यांना कळलं. त्यांनी आग्रह धरला आणि प्राध्यापक मायकेल हार्मर यांनी स्वतंत्र आढावा घेतला. डॉक्टरांना घरी बसवावं असा मार्टिन यांचा सूर कधीच नव्हता. ते पुन्हा कामावर गेले हे चांगलंच झालं, कारण आता तेच अधिक सावध असतील, असं ते सांगत आले. 2007 मध्ये त्यांनी क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप ही, उपचार करताना माणसं कशी वागतात आणि कुठे चुकतात याचा विचार करणारी, संस्था उभी केली.

पायलट माणसाला हे सगळं ओळखीचं वाटलं त्याला कारण आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन 583 माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाने धाव घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना? कॅप्टन कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी ठामपणे शंका उडवून लावली आणि इंजिनियरने प्रश्न पुन्हा विचारला नाही. अशाच अपघातांतून विमान कंपन्यांनी धडा घेतला आणि कॉकपिटमधल्या सगळ्यांना एकत्र सिम्युलेटरमध्ये बसवून बोलण्याचा आणि ऐकण्याचा सराव देण्याची पद्धत रुळली.

वर्गातलं उत्तर आणि खोलीतली जीभ

हे प्रकरण वर्गात सांगितलं तर विद्यार्थ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: नर्सने ठामपणे सांगायला हवं होतं. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळतील. माझ्या मते इथेच शिकवणं फसतं. एक तर या उत्तरामुळे सगळा दोष अलगद त्या दोन नर्सच्या पदरात पडतो. आणि ठामपणे म्हणजे नेमकं कोणत्या शब्दांत, कोणाला, कितव्या मिनिटाला, हे कुणी विचारतच नाही.

नर्सिंगमधलं सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी उभ्या केलेल्या प्रसंगावर सराव, काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत 1911 मध्ये ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली आली. तिला कूस बदलायला लावायचं, कपडे चढवायचे, खाटेवरून खुर्चीत बसवायचं. तेव्हापासून आपण अशा मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हाताला वळण लावत आलो. इंजेक्शन, कॅथेटर, राइल्स ट्यूब, सीपीआर. जिभेला वळण लावायचं मात्र ‘अनुभवाने येईल’ म्हणून सोडून दिलं. वॉर्डातला अनुभव बहुतेक वेळा उलटंच शिकवतो. पहिल्या पोस्टिंगला मोठ्याने शंका विचारणारी मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत इन्चार्ज सिस्टरच्या कानात कुजबुजायला शिकते, आणि मग सिस्टर योग्य वेळ पाहून सरांच्या कानावर घालते. योग्य वेळ म्हणजे राउंड संपल्यावर.

सीन कसा उभा करायचा

एलेन यांच्या खोलीतला प्रसंग जिभेच्या सरावासाठी वर्गात उभा करायला लाखांचं मॅनिकिन लागत नाही. मान मागे करता येईल असं साधं मॅनिकिन, मॉनिटरचे आकडे दाखवणारा टॅबलेट, भिंतीवर घड्याळ आणि ट्रॉली पुरे. आकडे बदलायला एक शिक्षक पडद्यामागे हवा. ट्रॅकिओस्टॉमीचा सेट खराखुरा असावा, सीलबंद असावा आणि खोलीबाहेरच्या कपाटात असावा, म्हणजे तो आणायला कुणीतरी पाय हलवावे लागतील.

सुरुवातीला कुणाचीच चूक होत नाही. भूल दिली जाते, मास्क बसत नाही, आकडा उतरू लागतो. नर्सच्या भूमिकेत तीन विद्यार्थी, डॉक्टरांच्या भूमिकेत तीन शिक्षक. या शिक्षकांना दिलेली सूचना सगळ्यात महत्त्वाची आहे: ओरडायचं नाही, अपमान करायचा नाही, कुणाला झिडकारायचं नाही. फक्त नळीत गुंतून राहायचं. इथे बरेच शिक्षक हौसेने खडूस सर्जन रंगवतात, मुलं हसतात आणि सीन नाटकाच्या वाटेने जातो. एलेन यांच्या खोलीत कुणी आरडाओरडा केल्याचं वर्णन नाही. तिथे तीन कुशल माणसं एकाच कामावर खिळून राहिली आणि त्यांचं वेळेचं भान गेलं. दुष्ट डॉक्टरविरुद्ध उभं राहणं एकवेळ सोपं, कारण राग मदतीला येतो. सज्जन, घामाघूम झालेल्या, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मध्येच थांबवणं फार अवघड.

डॉक्टर झालेल्या शिक्षकांना एक छुपा नियमही द्यायचा. आपल्याला उद्देशून, आकड्यासह आणि स्पष्ट मागणीसह वाक्य आलं, तरच मान वर करायची. नुसती माहिती आली तर ‘हं’ म्हणायचं किंवा तेही नाही. मुलांना हा नियम आधी सांगायचा नाही, चर्चेत तो त्यांनीच शोधून काढायचा.

पहिल्या फेरीत येणारी वाक्यं साधारण अशी असतात:

“सर, सॅच्युरेशन कमी होतंय.”

“सर, ट्रॅकिओस्टॉमीचा सेट आणलाय.”

दोन्ही खरी आहेत, दोन्ही नम्र आहेत, आणि दोन्हीतून काही घडत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, कमी होतंय हे मॉनिटर ओरडून सांगतोच आहे. सेट आणलाय, बरं, ठेव. प्रत्यक्ष घटनेतल्या नर्सनेही असंच सांगितलं होतं, आणि सेट बंदच राहिला. शिवाय उशाशी तीन सर उभे असताना ‘सर’ ही हाक तिघांनाही लागू होते आणि तिघांनाही वाटतं दुसऱ्याला मारली. म्हणून सीनमधल्या डॉक्टरांना आडनावं द्यावीत. ‘कुलकर्णी सर’ म्हटलं की मान हलते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्टमध्ये चिरा देण्यापूर्वी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, आणि भूल देण्यापूर्वी ‘या पेशंटचा श्वासमार्ग अवघड आहे का’ हा प्रश्न असतो. आपल्याकडे हा कागद बऱ्याचदा ऑपरेशननंतर एकाच पेनाने भरला जातो. सीनच्या सुरुवातीला तो मोठ्याने वाचायला लावावा. भूल देण्याआधीच सगळ्यांनी एकदा तोंड उघडलेलं असलं, की संकटात तोंड उघडणं थोडं सोपं जातं.

दुसऱ्या फेरीपूर्वी वाक्य घडवायचं. त्यासाठी तयार साचे आहेत. अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने तिथल्या संरक्षण खात्याबरोबर 2006 मध्ये आणलेल्या टीमस्टेप्स या प्रशिक्षणात चढत्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मला काळजी वाटते, मला हे ठीक वाटत नाही, पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. त्यातच असंही आहे, की पहिल्या सांगण्याकडे दुर्लक्ष झालं तर निदान दुसऱ्यांदा तरी सांगायचंच. इंग्रजीतले हे साचे पाठ करून घेतले तर मुलं सीनमध्ये ते कवितेसारखे म्हणतात. त्यांना त्यांच्याच बोलीत वाक्य बसवू द्यावं. विदर्भातली मुलगी एका तऱ्हेने बोलेल, कोल्हापूरकडची दुसऱ्या. आदरार्थी बहुवचन राहू द्यावं, त्याने काही अडत नाही. वाक्यात काय हवं एवढंच पाहायचं. उदाहरणार्थ:

“कुलकर्णी सर, सहा मिनिटं झाली, सॅच्युरेशन चाळीसच्या खाली आहे. नळी जात नाही, मास्कनेही हवा जात नाही. गळ्यातून वाट करावी लागेल. मी सेट उघडतेय, कोण करणार?”

शेवटचे दोन शब्द पाहा. ‘करायचं का सर?’ असं विचारलं की ‘थांब जरा’ हे उत्तर तयारच असतं. ‘कोण करणार?’ याला तसं उत्तर देता येत नाही. आणि सेट उघडणं ही नर्सच्या हातातली, परवानगी न लागणारी कृती आहे. निळं कापड उलगडल्याचा आणि अवजारांचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येतो.

तीन विद्यार्थ्यांपैकी एकीला फक्त वेळ सांगायचं काम द्यावं: दर मिनिटाला, मोठ्याने, कुणी विचारो न विचारो. पहिल्या फेरीत हे काम कुणालाच देऊ नये. सीन थांबवल्यावर सगळ्यांना, डॉक्टर झालेल्यांनाही, किती वेळ गेला ते कागदावर लिहायला सांगावं आणि मग घड्याळ दाखवावं. त्या कागदांतला फरक बोलका असतो, त्यावर वेगळं भाषण लागत नाही.

मॅनिकिन ‘मरू’ द्यावं का, यावर सिम्युलेशन शिकवणाऱ्यांत जुना वाद आहे. या सीनमध्ये देऊ नये, असं माझं मत. मृत्यू झाला की पुढची सगळी चर्चा अपराधीपणाभोवती फिरते आणि वाक्याकडे कुणी परत येत नाही. आकडा चाळीसवर असतानाच सीन थांबवावा. खरी घटना कशी संपली, ते दुसरी फेरी झाल्यावर सांगावं. ती आधी सांगितली तर मुलं पहिल्याच मिनिटाला सेट घेऊन धावतात आणि सीनचा अर्थच जातो.

चर्चा, म्हणजे निम्म्याहून अधिक काम

सीन सात-आठ मिनिटांचा असेल तर चर्चा त्याच्या दुप्पट-तिप्पट चालावी. वेळ कमी पडला की आपल्याकडे हीच आधी कापली जाते. बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने रुळवलेली रीत इथे उपयोगी पडते. समोरचा हुशार आहे, सक्षम आहे, चांगलं करायची त्याची इच्छा आहे हे धरून चालायचं, आपल्याला काय दिसलं ते सरळ सांगायचं, आणि मग त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते खऱ्या कुतूहलाने विचारायचं. “तू सेट ट्रॉलीवर ठेवलास आणि दोन पावलं मागे सरकलीस. मला वाटलं, तू कुणीतरी विचारण्याची वाट पाहत होतीस. त्या क्षणी मनात काय होतं?” याला मिळणारं उत्तर आणि “बोलली का नाहीस?” याला मिळणारं उत्तर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. पहिल्या प्रश्नाला मुली सांगतात: त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी चुकले तर, त्यांचं लक्ष उडालं आणि त्यामुळेच नळी चुकली तर. हा शेवटचा विचार बावळटपणाचा नाही, जबाबदार माणसाचा आहे. त्याला उत्तर द्यायचं असेल तर ठामपणाचे गोडवे गाऊन भागत नाही. मिनिटं आणि आकडे पुढे ठेवावे लागतात: इतक्या मिनिटांनंतर आणखी एका प्रयत्नापेक्षा थांबवणं सुरक्षित का, ते.

एक गोष्ट आधी मिटवायला हवी. चर्चा घेणाऱ्या मॅडमच्याच हातात इंटर्नलचे मार्क असतील तर वरची सगळी पद्धत कागदावर राहते. ‘इथे चुका करा, काही होणार नाही’ हे वाक्य मुलं ऐकतात आणि मॅडमच्या हातातल्या वहीकडे पाहतात. या सत्राला मार्क नसावेत. व्हिडिओ केला तर तो चर्चेपुरता, नंतर पुसून टाकायचा, आणि हे सगळ्यांदेखत सांगायचं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सेमिस्टर पद्धतीच्या नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा मिळाली आहे, ही चांगली गोष्ट. तपासणीच्या दिवशी मॅनिकिनवरचं प्लॅस्टिक काढायचं आणि टीम गेली की परत चढवायचं, ही प्रथा त्याने आपोआप मोडणार नाही. व्यवस्थापनाला पटवताना अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा 2014 चा अभ्यास हमखास पुढे केला जातो. दहा महाविद्यालयांत केलेल्या त्या अभ्यासात क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटजवळच्या, तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले, तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात, कौशल्यात आणि परवाना परीक्षेच्या निकालात फरक पडला नाही. तो अभ्यास दाखवताना त्यातल्या अटीही वाचून दाखवाव्यात: प्रशिक्षित शिक्षक, लहान गट, रीतसर चर्चा. साठ जणांची बॅच एका मॅनिकिनभोवती उभी करून ते निकाल मिळत नाहीत. आणि तो अभ्यास वरिष्ठांसमोर बोलण्याबद्दल काही सांगत नाही. सिम्युलेशननंतर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढल्याचं दाखवणारे अभ्यास ढीगभर आहेत. वॉर्डात गेल्यावर त्यांनी खरंच तोंड उघडलं का आणि पेशंटला त्याचा फायदा झाला का, हे दाखवणं त्याहून कितीतरी कठीण. म्हणून सत्रानंतरच्या फॉर्मवर ‘आता तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो’ हे विचारण्यापेक्षा दोन्ही फेऱ्यांत आकडा घसरल्यापासून पहिलं पूर्ण वाक्य येईपर्यंत किती सेकंद गेले, ते मोजून ठेवावं.

या सगळ्यात एक कमतरता राहतेच. बोलायला शिकवलेली मुलगी ज्या डॉक्टरशी बोलणार, त्याला ऐकायला कुणी शिकवलं? जिथे मेडिकल आणि नर्सिंग कॉलेज एकाच आवारात आहेत तिथे भूलशास्त्राच्या रेसिडेंट डॉक्टरांना या सत्रात आणायला काही अडचण नसावी, दोन प्राचार्यांच्या मनात असलं म्हणजे झालं. नाही जमलं, तर तिसऱ्या फेरीत भूमिका उलटाव्यात. मॅनिकिनचा जबडा नळी जाणार नाही असा घट्ट करावा, एका विद्यार्थिनीला भूलतज्ज्ञ करून लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घशात पाहायचं उपकरण) हातात द्यावा, आणि तिच्या मैत्रिणींना तीच वाक्यं, तशाच हळू आवाजात म्हणायला सांगावीत. तीन मिनिटांनी थांबवून तिला एवढंच विचारावं: तुला कोण काय म्हणालं ते सांग. मग मैत्रिणींना विचारावं, की त्या काय म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहाव्यात.